एकशेवीस ग्रॅमची पुडी

२०१७ सालच्या नोव्हेंबरची अखेर. गेवराई तालुक्यात गोदाकाठाला आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. ती थोरले चुलतभाऊ कसतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. दिवाळीनंतर गावी गेलो की रानात एक फेरी ठरलेली. त्या दिवशी आबांनी पऱ्हाटीचे एक बोंड तोडले. वरून हिरवेगार, टणक. कुठे छिद्र नाही की डाग नाही. दोन्ही अंगठ्यांनी ते फोडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. आत कापसाची पिवळट कवडी झाली होती आणि सरकीला चिकटून अर्ध्या इंचाची गुलाबी अळी वळवळत होती.

"गुर्जी," आबा म्हणाले. मी मास्तर म्हणून ते मला थट्टेने गुर्जी म्हणतात. "ह्या झाडाच्या अंगातच औषध हाय म्हणत्यात. मग ही जित्ती कशी?"

मी ३२ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. म्हणालो, "आबा, तिला औषधाची सवय झाली." आबांनी मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो. बांधापर्यंत पोहोचेतो माझ्या लक्षात आले की, आपण चुकीचे बोललो. साधीसुधी चूक नव्हे. वर्गात एखाद्या मुलाने हे लिहिले असते, तर मी त्याचा गुण कापला असता.

त्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या कपाशीची काय दशा झाली हे वाचकांना आठवत असेल. बोंडे वेचणीला आली तेव्हा आतून पोकळ निघाली. कुणी उभ्या पिकात नांगर घातला, कुणी जनावरे सोडली. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली. तीत पीकविमा, आपत्ती निवारणाचा निधी आणि बियाणे कंपन्यांकडून मिळायची भरपाई असा तिहेरी हिशेब होता. पंचनामे झाले, वादही झाले. हे सारे चालू असताना, २०१८ च्या जानेवारीत, आमच्यापासून फार लांब नसलेल्या औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याची नोंद नाही, सबब हा विषय शाळा-महाविद्यालयांतून बदलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून तो खोडून काढला.

मला त्या वादापेक्षा योगायोगाचे नवल वाटले. उत्क्रांती होताना कुणी पाहिली, असा प्रश्न व्यासपीठावरून विचारला जात होता, आणि त्याच हंगामात त्याच मराठवाड्यात हजारो शेतकरी ती बोंड फोडून पाहत होते. तिचे नाव मात्र त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

आता ते उत्तर दुरुस्त करतो.

बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली ती २००२ च्या मार्चमध्ये. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा एक जनुक त्या झाडात घातलेला आहे. त्यामुळे पाने, पाती, बोंडे यांत एक प्रथिन तयार होते. अळीच्या पोटात गेले की ते आतड्याच्या अस्तरावरच्या एका विशिष्ट प्रथिनाला कुलपात किल्ली बसावी तसे चिकटते, अस्तराला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ते कुलूपच नाही. पहिल्या काही वर्षांत या कपाशीने कमाल केली. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने शेतकऱ्याला आठवड्याआड फवारायला लावले होते. त्या आठवणी ताज्या होत्या. दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी गेली.

आता ती 'सवय'. दारूची सवय लागते, तशी अळीला विषाची सवय लागत नाही. बीटीचे पान खाणारी साधी अळी आज मरते, उद्याही मरेल. खाऊन खाऊन ती घट्ट होत नाही. पण लाखो अळ्यांत एखादी अशी जन्मते की, तिच्या आतड्यातले ते कुलूप जरा वेगळे घडलेले असते. किल्ली बसत नाही. हे वेगळेपण तिने कमावलेले नसते. जनुकाच्या नकलेत झालेली ती एक आंधळी चूक असते आणि बीटी यायच्या आधीपासूनही ती तुरळक कुठे असू शकते. एरवी तिचा काही उपयोग नसतो. मात्र बीटीच्या रानात बाकीच्या सगळ्या मरतात, ती उरते. पुढची पिढी कुणाची? उरलेल्यांची. एकही अळी बदलली नाही, तरी अळ्यांची जमात बदलली. डार्विनने १८५९ साली 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात मांडले त्याचा गाभा एवढाच आहे. बदलते ती जमात. बदलतो तो तिच्यातल्या जनुकांचा हिशेब. आमच्याकडे हा धडा शिकवताना जिराफाची मान काढून दाखवण्याची पद्धत होती. मीही फळ्यावर जिराफच काढत असे. गेवराईच्या पोरांनी जिराफ पाहिलेला नसतो. बोंडअळी पाहिलेली असते.

वेग किती, तेही पाहा. गुलाबी अळीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. २००२ ते २०१० या आठ हंगामांत तिच्या तीस-पस्तीस ते चाळीस पिढ्या झाल्या. माणसाच्या हिशेबाने हा काळ अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून आपल्यापर्यंत येतो. आपण ज्याला आठ वर्षे म्हणतो, ती अळीच्या घराण्याची आठशे वर्षे.

हे असे होणार, हे बियाणे बनवणाऱ्यांना आणि परवानगी देणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी येत असे. तिच्यात बिगर-बीटी सरकी असे. मुख्य पिकाच्या कडेने तिच्या ओळी लावायच्या, असा नियम होता. कागदोपत्री तिचे नाव 'रेफ्युज', गावात 'रेफ्युजी', नाहीतर नुसती 'नॉन-बीटीची पुडी'. आबांच्या घरी ती देवळीत पडून असे. एका वर्षी त्यांनी मला विचारलेही होते की, हिचे काय करायचे. दुकानदाराने सांगितले होते, "ती पेरायची नसती, पाकिटाबरोबर द्यायची म्हणून देत्यात." मीही त्यावर काही बोललो नाही.

त्या पुडीत काय होते? तर उत्क्रांतीचा अख्खा धडा होता. प्रत्येक पतंगाकडे कुलपाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच अळी बीटीतून वाचते. एक जरी धड असली, तरी मरते. समजा, हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या असणारी अळी दहा लाखांत एक. सगळे रान बीटीचे असेल, तर या दुर्मीळ वाचलेल्या पतंगांना जोडीदार मिळतो तोही वाचलेल्यांतलाच. त्यांची सगळी पिल्ले दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन जन्मतात आणि खेळ संपतो. पण कडेला चार ओळी साध्या कपाशीच्या असतील, तर तिथे शेकडो साध्या अळ्या सुखाने वाढतात, त्यांचे पतंग होतात आणि वाचलेल्या एखाद्या पतंगाची गाठ त्यांच्याशी पडते. त्यांची पिल्ले एक धड, एक बिघडलेली प्रत घेऊन येतात आणि बीटीच्या बोंडात मरतात. आपल्याच रानात अळी पोसायची ती एवढ्यासाठी. बाहेरून येडपटपणा वाटावा असा हा उपाय आहे, आणि म्हणूनच तो समजावून सांगितल्याखेरीज कुणी करणार नव्हते. पाच एकरवाल्या माणसाला आपण सांगत होतो की, बाबा रे, एवढी जागा अळीला सोड. का, ते विचारू नकोस. त्यातच त्या पुडीतले बी नीट उगवत नाही, त्याचा फुलोरा मुख्य कपाशीशी जुळत नाही, अशा तक्रारी ऐकू येत. शेतकऱ्याने ती पुडी फेकली यात त्याचा दोष मला सर्वांत कमी वाटतो.

ज्या हिरव्या अळीसाठी मुख्यतः बीटी आणली, तिने असा दगा का दिला नाही? ती बहुभक्षी आहे. तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचे कणीस, तिला सगळे चालते. आमच्याकडे कपाशीच्या शेजारी तूर असतेच. त्या तुरीवर साध्या हिरव्या अळ्या पोसल्या जातात आणि पुडीचे काम फुकटात होते. गुलाबी अळी मात्र जवळजवळ निव्वळ कपाशीवर जगते. तिचा इथला सहवासही जुना; १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवरूनच. तिला बीटीबाहेर दुसरे ताट नव्हते. जी पुडी आपण देवळीत ठेवली, ती खरे तर तिच्यासाठी होती.

पुढचा इतिहास थोडक्यात. गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे २०१० साली खुद्द कंपनीने कबूल केले. तोवर २००६ पासून दोन जनुकांचे बियाणे बाजारात आलेले होते; पण एक कुलूप आधीच बदललेले असताना दुसऱ्याची मदार एकट्यावर पडली. २०१४-१५ च्या सुमारास नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या तपासण्यांत दोन्ही जनुके पचवणाऱ्या अळ्या सापडू लागल्या. २०१७ मध्ये आबांनी बोंड फोडले. २०२१ साली हीच अळी पंजाबात भटिंडा-मानसाकडे कहर करत होती.

ही गोष्ट अटळ होती का? तर नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बीटी कपाशी आपल्याआधी सहा वर्षे, १९९६ साली आली. तिथे शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे खरोखरच राखले आणि दहा वर्षे अळीने दाद दिली. त्यानंतर वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले गेले आणि २०१८ साली अमेरिकी सरकारने आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तीच अळी, तेच जनुक. अर्थात तिथली शेते शेकडो एकरांची. कुंपणापाशी शंभर ओळी सोडल्या तरी घरात चूल पेटते, हेही विसरून चालणार नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता माजलगावला शिक्षिका आहे. तिने मध्यंतरी विचारले, "सर, मग ही अळी आता नवी प्रजाती झाली का?" प्रश्न फार चांगला. उत्तर: नाही, आणि नाही म्हणूनच तो पुडीचा उपाय शक्य होता. जोवर बीटीवर वाचलेला पतंग आणि साधा पतंग एकमेकांशी जुगतात, तोवर त्यांची जनुके एकाच हौदात मिसळतात. ती एकच प्रजाती. हौदात भिंत उभी राहिली की दोन प्रजातींकडे वाटचाल सुरू होते. ही भिंत डोंगराची किंवा समुद्राचीच असावी लागते असे नाही. नुसती वेळेची भिंतही पुरते. १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात याच गुलाबी अळीवरचा एक अभ्यास छापून आला होता. बीटी कपाशीवर वाचणाऱ्या अळ्यांची वाढ साध्या कपाशीवरच्या साध्या अळ्यांपेक्षा सरासरी पाच-सहा दिवस मागे राहते, असे त्यात आढळले. पाच-सहा दिवस म्हणजे पतंगाच्या आयुष्यात मोठा काळ. साधे पतंग आधी बाहेर पडून आपापसांत जोड्या जमवतात, वाचलेले मागाहून येऊन आपापसांत. याने लगेच नवी प्रजाती होत नाही. पण भिंतीची पहिली वीट कशी बसते ते दिसते.

२०१८ पासून आपल्या मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी या वाटेवर बरीच पुढे गेलेली आहे. तिच्या मूळ देशी तिचे दोन गट आहेत, एक मक्यावरचा, एक भातावरचा. दिसायला अगदी सारखे. पण एकाचे पतंग रात्रीच्या पहिल्या भागात जोडीदार शोधतात, दुसऱ्याचे उशिरा. अधूनमधून संकर होतो, म्हणून त्यांना अजून एकच प्रजाती म्हणतात. काही तज्ज्ञ तेवढेही म्हणायला कांकूं करतात. निसर्गाला आपल्या नावांच्या चौकटींशी देणेघेणे नसते.

आणि कपाशी? ती स्वतःच प्रजाती घडण्याची एक नवलकथा आहे. आजोबांच्या काळची आखूड धाग्याची देशी कपाशी आणि आजची अमेरिकन कपाशी शेजारी लावल्या, तरी त्यांचा सहज संकर होत नाही. देशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत ५२. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या कपाशीच्या गोताचे बी कसे कोण जाणे अमेरिका खंडात पोहोचले, तिथल्या रानकपाशीशी त्याचा संकर झाला आणि त्या संकरात दोघांची सगळी गुणसूत्रे दुप्पट होऊन बसली. नवे झाड आईबापांपैकी कुणाशीही नीट जुळेना; आपल्यासारख्याशीच जुळे. म्हणजे नवी प्रजाती झाली. आबांच्या बांधावर आईने वातींसाठी लावलेली देवकपाशी आणि रानातली बीटी यांच्यामध्ये असली लाखो वर्षांची कुळकथा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीवर चिकाटीने काम करून लांब धाग्याचे वाण काढले. कोरडवाहू, हलक्या रानासाठी त्यांचा विचार व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, हे माझे मत.

आज बियाण्याच्या पाकिटातच बिगर-बीटी सरकी मिसळून येते. पुडी फेकायची सोयच राहिली नाही. पण हे शहाणपण अळीने दोन्ही कुलपे बदलल्यावर आले. बिघडलेल्या प्रती बहुसंख्य झाल्या की चार साध्या पतंगांची ती मिसळण काय करणार? म्हणून आता कृषी खाते कॅलेंडर सांगते. जूनच्या आधी लावू नका, कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडा, डिसेंबरअखेर रान मोकळे करा, फरदड घेऊ नका. सल्ला रास्त आहे. अळीला चार-पाच महिने कपाशी दिसली नाही की तिची साखळी तुटते. ती जोडसरकीत, जिनिंगच्या ढिगात, पळाट्यांत सुप्तावस्थेत पडून राहते, हे खरेच आहे. पण आमच्या जिल्ह्यात हा सल्ला कुणाला दिला जातो ते बघा. दसरा-दिवाळीनंतर गावची निम्मी माणसे कोयते घेऊन उसाच्या फडावर गेलेली. घरी म्हातारी आणि शाळेतली पोरे. पळाट्या उपटायच्या कुणी? आणि कालव्याला पाणी सुटले, तर फेब्रुवारीत फरदडीचा क्विंटल-दोन क्विंटल कापूस हाच घरात येणारा रोख पैसा. अळी आणि उचल यांचा असा संबंध कुठल्याही घडीपत्रिकेत छापलेला नसतो.

पुढचे संकटही तयार होते आहे. तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीचे बी गेली कित्येक वर्षे चोरून येते. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तर ते उघडपणे पेरून आंदोलन केले. निंदणीची मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची बाजू खरी आहे. पण तणांचीही जमात असते आणि तीही बदलते. अमेरिकेत आपल्या तांदुळजाच्या गोतातले एक तण त्या तणनाशकाला कधीच पुरून उरले आहे.

हा हिशेब मुलांना केव्हा कळायचा? केंद्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ च्या छपाईत गळला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचे नुसते 'आनुवंशिकता' झाले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. कारण अभ्यासाचे ओझे कमी करण्याचे दिले गेले. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागातला पहिलाच धडा होता. त्याबद्दल बालभारतीला धन्यवाद द्यायला हवेत. मात्र धडा असूनही मी काय केले, ते वर सांगितलेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात घराची डागडुजी काढली, तेव्हा देवळीतले सामान खाली आले. जुने पंचांग, अडकित्ता, बैलाच्या गळ्यातली घुंगरे, आणि त्यांत एक पुडी, न फोडलेली. आबांची नात शहरात केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या शाळेत नववीत शिकते. तिने पुडीवरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "आजोबा, रेफ्युज म्हणजे काय?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "ह्यास्नी इचार. त्या वक्ताला मला सवय म्हणून सांगितलं व्हतं."

मी ओट्यावर बसलो, पुडी फोडली आणि फरशीवर सरकीचे दाणे मांडायला घेतले. आबाही काठी टेकवून जवळ येऊन बसले.